सुरू झाले म्हणजे तयार झाले का?



घरातला दूरदर्शन संच अडखळू लागला किंवा मोबाइल गोठला, की घरातले कोणी ना कोणी सांगतेच, "बंद करून पुन्हा चालू करून बघ." हा उपाय पुष्कळदा लागूही पडतो. यंत्र दोन मिनिटे बंद राहिले म्हणून कोणाचे फारसे अडत नाही.

आता अशी कल्पना करा, की एका खोलीत तीस संगणक अहोरात्र चालू आहेत. एखाद्या मोठ्या रुग्णालयातील सर्व क्ष-किरण चित्रे त्यांच्या डिस्कवर साठवलेली आहेत. रात्रपाळीच्या डॉक्टरांना रुग्णाचे जुने चित्र पाहिजे आहे, आणि नेमक्या त्याच वेळी हे संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचे आहेत. चित्र तर मिळालेच पाहिजे, आणि संगणकही बंद केले पाहिजेत. हे कसे साधायचे? उत्तर समजण्यास नववी-दहावीच्या गणितापलीकडे काही लागत नाही. थोडा धीर मात्र लागतो, आणि गंमत अशी, की हा धीर संगणकालाही शिकवावा लागतो.

बंद करायचेच कशाला?

इतरांना सेवा पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चालतात. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. या प्रणालीवर पडद्याआड सतत चालणाऱ्या कार्यक्रमाला 'सेवा' म्हणतात. मुद्रण ही एक सेवा, घड्याळ जुळवत राहणे ही दुसरी, आणि डिस्कवरील माहिती सांभाळून मागेल त्याला देणे ही साठवण सेवा.

कार्यक्रम सुरू होतो तेव्हा तो डिस्कवरून संगणकाच्या स्मृतीत उतरतो आणि तेथूनच चालतो. डिस्कवरील मूळ फाईल काढून तिच्या जागी सुधारलेली ठेवली, तरी चालू कार्यक्रमाला त्याचा पत्ता नसतो. तो आपला स्मृतीतील जुन्या प्रतीवरच चालत राहतो. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. गुप्त संदेशवहनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ओपन-एसएसएल' या कार्यक्रम-संचात तो होता. दुरुस्ती लगेच मिळाली. पण ती बसवल्यावर त्या संचाचा वापर करणाऱ्या सेवा पुन्हा सुरू केल्या नाहीत, तर दोष जागच्या जागीच राहत होता. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जाहीर झाले. त्यांच्यासाठी लिनक्सचा गाभाच बदलावा लागला, आणि गाभा बदलला की बहुधा सगळा संगणकच पुन्हा सुरू करावा लागतो.

म्हणजे "आमचे सर्व्हर कधीच बंद होत नाहीत" ही बढाई मारण्याजोगी गोष्ट नाही. बंद केव्हा करायचे हे आपण ठरवले नाही, तर ते बिघाड ठरवतो.

एका माहितीच्या तीन प्रती

एकच सर्व्हर असेल तर तो बंद असताना माहिती मिळणार नाही. म्हणून अनेक सर्व्हर जोडून त्यांचा समूह करतात. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात. आपण 'सेफ' या साठवण प्रणालीचे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत सेज वाइल यांनी पीएच.डी.च्या कामातून ती घडवली, आणि तिच्यावरील त्यांचा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. जिनिव्हाजवळील 'सर्न' या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतही ती वापरली जाते.

सेफमध्ये साधारणपणे प्रत्येक डिस्कसाठी एक साठवण सेवा असते. नेहमीच्या मांडणीत माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. नवीन माहिती आली, की हजर असलेल्या सर्व प्रतींवर ती लिहून झाल्यावरच "मिळाली" अशी पोच दिली जाते. एक प्रत गैरहजर असली तरी उरलेल्या दोघींवर काम चालू राहते. दोन गैरहजर झाल्या, तर मात्र उरलेली एकटी प्रत त्या तुकड्याचे काम थांबवते.

ती थांबते कशासाठी? एकट्या प्रतीने नवीन माहिती स्वीकारली आणि त्यानंतर तीच डिस्क बिघडली, तर ती माहिती लिहिली गेली होती याला दुसरा साक्षीदारच उरत नाही. पोच तर देऊन झालेली असते. खोटी पोच देण्यापेक्षा "थोडे थांबा" असे म्हणणे बरे, असा हा विचार आहे.

पाचातले तीन

समूहात कोण हजर आणि कोण गैरहजर याची नोंदवही कोणी तरी ठेवायला हवी. हे काम देखरेख सेवा करतात. त्या सहसा तीन किंवा पाच असतात, आणि निर्णय बहुमताने घेतात. बहुमतच का, हे पाहू.

समजा, देखरेख सेवा पाच आहेत आणि मधली तार तुटून त्यांचे दोन गट पडले. दोन्ही गटांनी आपापली नोंदवही लिहायला सुरुवात केली, तर एकाच समूहाच्या दोन विसंगत वह्या तयार होतील. आता अट घालू, की निर्णयाला किमान तिघांची संमती हवी. दोन गटांत प्रत्येकी तिघे असायचे, तर ३ + ३ = ६ सदस्य लागतील. सदस्य तर पाचच आहेत. म्हणून कोणत्याही दोन बहुमतांत किमान एक सदस्य सामाईक असतोच, आणि दोन वेगळ्या वह्या निर्माण होऊच शकत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञांनी अशा सहमतीची एक रीत सांगितली. तिला 'पॅक्सॉस' म्हणतात. त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. सेफच्या देखरेख सेवा याच जातीची रीत वापरतात.

सदस्यांची संख्या विषम का ठेवतात तेही येथेच कळते. तिघांत बहुमत दोघांचे, म्हणजे एक गैरहजर चालतो. चौघांत बहुमत तिघांचे, म्हणजे तेथेही एकच गैरहजर चालतो. चौथा घेऊन सोय वाढली नाही.

गैरहजर आणि पटावरून कमी

शाळेत एखादा मुलगा आला नाही, तर मास्तर हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लावतात. तो फारच दिवस आला नाही, तर त्याचे नाव पटावरून कमी करतात आणि त्याची जागा दुसऱ्याला देतात. सेफमध्ये अगदी असेच घडते.

साठवण सेवा दर सहा सेकंदांच्या आसपास एकमेकींची विचारपूस करतात. कोणाचे २० सेकंद उत्तर आले नाही, तर ते देखरेख सेवांना कळवले जाते आणि ती सेवा गैरहजर ठरते. तशीच ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे गेली, तर तिचे नाव पटावरून कमी होते, आणि तिच्याकडील माहितीची नवीन प्रत इतर डिस्कवर तयार करण्यास प्रारंभ होतो. हे नेहमीचे आकडे आहेत. ते बदलता येतात.

डिस्क खरोखरच बिघडली असेल तर हे योग्यच आहे. पण आपण एक सर्व्हर दुरुस्तीसाठी मुद्दाम १२ मिनिटे बंद ठेवला तर? एक साधे गणित करू. त्या सर्व्हरवर ४ टेराबाइटच्या दहा भरलेल्या डिस्क आहेत, म्हणजे एकूण ४० टेराबाइट, अर्थात ४०,००० गिगाबाइट. नवीन प्रत तयार करण्याचा एकूण वेग सेकंदाला १.२५ गिगाबाइट धरू.

४०,००० ÷ १.२५ = ३२,००० सेकंद

म्हणजे जवळजवळ ९ तास! बारा मिनिटांच्या गैरहजेरीसाठी ९ तासांच्या स्थलांतराला सुरुवात होईल, आणि त्याचा भार नेहमीच्या कामावर पडेल. हे टाळण्यासाठी आधी 'नो-आऊट' नावाची खूण लावतात. हा जणू रजेचा अर्ज. "मी येणार नाही, पण माझे नाव कमी करू नका," एवढाच त्याचा अर्थ. काम संपल्यावर ही खूण आठवणीने काढावी लागते. ती तशीच राहिली, तर पुढे एखादी डिस्क खरोखर मेली तरी समूह तिला रजेवरचीच समजत बसेल.

आवरून निघणे

लिनक्समध्ये चालू कार्यक्रमाला थांबवण्याचे दोन संकेत ध्यानात ठेवा. संकेत क्रमांक १५ म्हणजे "आता आवरा". तो मिळाल्यावर कार्यक्रम हातातले लेखन पुरे करू शकतो, वह्या मिटू शकतो आणि मग थांबतो. सेफची साठवण सेवा जाताना देखरेख सेवांना "मी निघाले" असे कळवतेही, त्यामुळे २० सेकंद तिची वाट पाहावी लागत नाही. संकेत क्रमांक ९ म्हणजे थेट गळा दाबणे. हा संकेत कार्यक्रमाला ऐकूही येत नाही आणि नाकारताही येत नाही.

बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर सेवांची व्यवस्था पाहणारा 'सिस्टीम-डी' नावाचा कार्यक्रम असतो. सेवा थांबवायची झाली की तो प्रथम १५ क्रमांकाचा संकेत देतो, सर्वसाधारणपणे ९० सेकंद वाट पाहतो, आणि तरीही सेवा थांबली नाही तर ९ क्रमांकाचा देतो. एखाद्या सेवेला आवरायला अधिक वेळ लागत असेल, तर ही मुदत आधीच वाढवून ठेवावी.

आणि अचानक वीजच गेली तर? त्यासाठी जुन्या पेढीवरची रीत उपयोगी पडते. मुनीम प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत टिपतो आणि मग सवडीने खतावणीत चढवतो. खतावणी लिहिता लिहिता दिवा गेला, तरी दुसऱ्या दिवशी कीर्द पाहून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करता येतात. साठवण सेवाही अशीच कीर्द ठेवते. पुन्हा सुरू झाल्यावर ती प्रथम ही कीर्द वाचते. हे वाचन होईपर्यंत ती चालू असते, परंतु कामाला तयार नसते. या लेखाचे मर्म याच ठिकाणी आहे.

माझी एक फजिती

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तीन जुने संगणक जोडून असा एक लहानसा समूह उभारला होता. पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकांची निरीक्षणे त्यावर साठत. एका दुपारी तिन्ही संगणकांवरील साठवण सेवा पुन्हा सुरू करायची होती. मी चार ओळींचा एक कार्यक्रम लिहिला: पहिलीला थांबव, सुरू कर; मग दुसरीला; मग तिसरीला.

पहिली थांबली, सुरू झाली. संगणकाने "सुरू" असे उत्तरही दिले. माझा कार्यक्रम तत्परतेने दुसरीकडे वळला आणि त्याने तिला थांबवले. पण पहिली सेवा त्या वेळी आपली जुनी, मंद डिस्क तपासण्यात गुंतली होती. समूहाच्या हजेरीपटावर तिची हजेरी अद्याप लागलीच नव्हती. म्हणजे हजर प्रत उरली एकच. तिने नियमाप्रमाणे काम थांबवले, आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला, "सर, आकडे जात नाहीत!" तिसरीची पाळी येण्याआधी मी कार्यक्रम थांबवला. काही मिनिटांत पहिल्या दोघी हजर झाल्या आणि काम पुढे सुरू झाले. एकही आकडा हरवला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचे कारण वेगळे होते. "किमान दोन प्रती हजर हव्यात" ही अट सोयीसाठी एकवर आणावी, असा विचार मी आदल्याच आठवड्यात केला होता. तसे केले असते तर एकट्या तिसऱ्या सेवेने विद्यार्थ्यांचे आकडे घेतले असते, पोच दिली असती, आणि लगेच माझ्याच कार्यक्रमाने तिला थांबवले असते. तिची जुनी डिस्क पुन्हा उठली नसती, तर मुलांना पोच मिळालेले आकडे कोठेच उरले नसते. विद्यार्थ्यांना मी दर वर्षी सांगतो, की उष्णतामापीतील तापमापक ठरावीक दोन मिनिटांनी वाचू नका; पारा स्थिरावला की नाही ते पाहा आणि मग वाचा. संगणकाच्या बाबतीत मात्र मी स्वतः पारा न पाहताच पुढे गेलो होतो.

परत जुळण्यास लागणारा वेळ

आता एक मोठे उदाहरण पाहा. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रसिद्ध सेवेच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क उपकरणे बदलताना तुटला. ४३ सेकंदांत तो पूर्ववत झाला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने लेखनाचे काम पश्चिम किनाऱ्यावर हलवले होते. पूर्वेकडे झालेले थोडे लेखन पश्चिमेकडे पोचले नव्हते, आणि पश्चिमेकडचे नवीन लेखन पूर्वेकडे नव्हते. दोन्ही बाजू सुरक्षितपणे जुळवून सेवा संपूर्ण सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. घाई करून माहिती गमावण्यापेक्षा उशीर पत्करणे त्यांनी पसंत केले.

सेफमध्ये एक सेवा थोडा वेळ गैरहजर राहून परत आली, की ती इतर प्रतींशी आपली नोंद ताडून पाहते, आणि त्या काळात बदललेले तेवढेच तुकडे मागून घेते. आजारी पडलेला मुलगा शेजाऱ्याची वही पाहून बुडालेले धडे उतरवून घेतो, तसेच हे. गैरहजेरी लहान असेल तर हे काम थोडक्यात आटोपते. ते आटोपेपर्यंत दुसऱ्या कोणाला रजा द्यायची नाही.

विश्वासाची रीत

आतापर्यंतच्या विवेचनावरून पुढील क्रम निघतो.

१. सुरुवात करण्यापूर्वी समूह निरोगी आहे, सर्व प्रती पूर्ण आहेत, याची खात्री करा. आधीच एक डिस्क आजारी असेल तर आज हे काम करू नका.

२. देखरेख सेवांची घड्याळे जुळलेली आहेत ना ते पाहा. सेफमध्ये ०.०५ सेकंदापेक्षा अधिक फरक पडला तरी इशारा मिळतो.

३. रजेची खूण लावा.

४. "ही सेवा थांबवली तर चालेल का?" हे समूहालाच विचारा. सेफमध्ये असा प्रश्न विचारण्याची सोय आहे. उत्तर "हो" आले तरच पुढे जा.

५. सेवेला आवरण्याचा संकेत द्या आणि ती आवरेपर्यंत थांबा. मग ती पुन्हा सुरू करा.

६. ठरावीक वेळ झोपून राहू नका. दर काही सेकंदांनी विचारत राहा: हजेरी लागली का? सर्व प्रती पूर्ण झाल्या का?

७. वाट पाहण्यालाही मर्यादा ठेवा. समजा १५ मिनिटांत सेवा तयार झाली नाही, तर तेथेच थांबून माणसाला बोलवा. पुढच्या सेवेला हात लावू नका.

८. सर्व झाल्यावर रजेची खूण काढा आणि समूहाची प्रकृती पुन्हा एकदा पाहा.

सगळा समूहच बंद करायचा असेल, तर क्रम निराळा असतो. प्रथम माहिती वापरणारे संगणक थांबवायचे, मग साठवण सेवा आणि शेवटी देखरेख सेवा. सुरू करताना बरोबर उलट: आधी देखरेख, मग साठवण, आणि शेवटी वापरणारे.

आता आपल्या तीस सर्व्हरना किती वेळ लागेल? प्रत्येकी १० मिनिटे धरली, तर एकामागून एक ३०० मिनिटे, म्हणजे ५ तास. पण सर्व्हर दहा-दहाच्या तीन रॅकमध्ये असतील, आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या रॅकमध्येच ठेवण्याचा नियम आधीपासून असेल, शिवाय देखरेख सेवाही तिन्ही रॅकमध्ये विभागल्या असतील, तर एका वेळी एक संपूर्ण रॅक बंद करता येतो. मग ३० मिनिटे पुरतात. मात्र त्या काळात प्रत्येक तुकड्याच्या दोनच प्रती हजर असतात. तेवढ्यात तिसऱ्याच कोणाची डिस्क बिघडली, तर काही तुकड्यांचे काम थांबेल. वेळ आणि धोका यांतील ही निवड माणसानेच करायची असते.

करून पाहा

वर्गात तीन मुलांना तीन वह्या द्या. चौथ्या मुलाने एकेक आकडा मोठ्याने सांगावा. तिघांनी लिहून "लिहिले" म्हटल्यावरच त्याने पुढचा सांगावा. आता एकेकाला बाहेर पाठवून परत बोलवा. पहिल्या फेरीत, परत आलेला दारात दिसताच दुसऱ्याला बाहेर पाठवा. दुसऱ्या फेरीत, परत आलेल्याने बुडालेले आकडे उतरवून "तयार" म्हटल्यावरच पुढच्याला पाठवा. दोन्ही फेऱ्यांनंतर तिन्ही वह्या ताडून पाहा. शिक्षकांनी फळ्यावर फरक मांडावा.

त्यानंतर हे प्रश्न सोडवा.

(१) देखरेख सेवा सात असतील तर बहुमत कितीचे? किती गैरहजर चालतील?

(२) दोन प्रती ठेवणाऱ्या समूहात "किमान दोन हजर हव्यात" अशी अट घातली, तर एक सर्व्हर पुन्हा सुरू करताना काय होईल? अट एकवर आणली तर कोणता धोका येईल?

(३) वरील रॅकच्या उदाहरणात पाचही देखरेख सेवा चुकून एकाच रॅकमध्ये ठेवल्या, तर तो रॅक बंद करताच काय घडेल?

उत्तरे पाठ करू नका. वह्या घेऊन, मुले बाहेर पाठवून शोधा. रात्री तीन वाजता आपले क्ष-किरण चित्र डॉक्टरांच्या पडद्यावर उमटते, तेव्हा कोठे तरी एखादा सर्व्हर नुकताच परत आलेला असतो, आणि दुसरा आपल्या पाळीची वाट पाहत थांबलेला असतो.